तापीचे पाणी आणि दोन खासदार

बऱ्हाणपूर हे नाव गोमंतकीय वाचकाला बहुधा मुमताजमहलच्या मृत्यूमुळे ठाऊक असते, नाहीतर मुंबईहून उत्तरेकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या पाटीमुळे. वृत्तपत्राच्या व्यवसायात असलेल्या आम्हांला त्या जिल्ह्यातील नेपानगर अधिक जवळचे वाटते. १९५५ साली तेथे देशी वृत्तपत्री कागद तयार होऊ लागला आणि पुढल्याच वर्षी पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. सातपुड्यातील सलई आणि बांबू यांचा लगदा करून त्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या. तेव्हा त्या जंगलाचे थोडे ऋण आमच्याही माथ्यावर आहे. आज त्या परिसराविषयी लिहिण्याचे कारण मात्र कागद नव्हे, पाणी आहे.

हवामानबदलाची चर्चा जागतिक परिषदांत पुष्कळ होते. थंडीच्या एका लाटेत ज्याच्या केळीबागेला चरका बसतो, किंवा मे महिन्यातील वावटळीत निसवलेली बाग आडवी होते, त्या शेतकऱ्याच्या वतीने ही चर्चा लोकसभेत कोण करतो, हा आमच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. तापीच्या खोऱ्यात असे बोलणारी दोन माणसे होऊन गेली. कै. हरिभाऊ जावळे यावल तालुक्यातील भालोदचे. शेतीशास्त्राचे पदवीधर आणि स्वतः शेतकरी. यावलचे आमदार, २००७ च्या पोटनिवडणुकीत जळगावचे खासदार आणि २००९ पासून पाच वर्षे रावेरचे खासदार, असा त्यांचा प्रवास. कै. नंदकुमारसिंह चौहान बऱ्हाणपूरजवळच्या शहापूरचे. गावच्या नगरपालिकेपासून सुरुवात करून ते विधानसभेत व तेथून १९९६ साली खंडवा मतदारसंघातून लोकसभेत गेले. मधली २००९ ची एक निवडणूक सोडली तर अखेरपर्यंत ते तेथूनच निवडून येत राहिले. दोघे एकाच पक्षाचे. २००७ ते २००९ या काळात दोघे एकाच सभागृहात बसत होते आणि दोघांच्या मतदारसंघांमधील सीमा केळीच्या बागांमधून जात होती. करोनाच्या साथीने पहिल्याला जून २०२० मध्ये नेले. दुसरेही त्याच आजाराने खंगून मार्च २०२१ मध्ये गेले.

या दोघांच्या आयुष्यात संसदेतील गाजलेले भाषण शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. ग्रामीण खासदाराचे कार्य बव्हंशी नियम ३७७ खालच्या लेखी निवेदनात, शून्य प्रहरातील दोन मिनिटांत आणि मंत्रालयाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढण्यात खर्ची पडते. नियम ३७७ खाली मांडलेल्या प्रश्नाला मंत्र्याने तेथल्या तेथे उत्तर द्यायचे नसते. उत्तर पुढे केव्हातरी पत्राने येते, आणि ते बहुधा 'विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतील आहे' असे असते. अशा पत्रांची चळत करून ठेवणारा खासदार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाही. यात दोष आमचाही आहे.

जावळे यांनी ज्या गोष्टीचा ध्यास घेतला ती तापी महापुनर्भरण योजना. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा जाड थर आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. नद्यानाल्यांचे पाणी या पट्ट्यात आले की खाली मुरते आणि पुढच्या काळ्या जमिनीखालील विहिरींना मिळते. केळीने या खोऱ्याला वैभव दिले, तसे पाणीही प्यायले. विहिरी आटल्या, मग कूपनलिका आल्या आणि दरवर्षी त्या आणखी खोल जाऊ लागल्या. तापीच्या पुराचे पाणी बंधाऱ्याने वळवून दोन्ही तीरांवरच्या कालव्यांनी या पट्ट्यात सोडावे आणि जमिनीच्या पोटातच साठवावे, ही योजनेमागची साधी कल्पना आहे. आधीच्या मोठ्या धरणाच्या विचारात वनजमीन, व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र आणि अनेक गावे बुडणार होती. धरण मागे पडून पुनर्भरणाची कल्पना पुढे आली ती त्यामुळेच.

ही कल्पना बऱ्हाणपूरला नवी नाही. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान याच्या सुभेदारीत एका इराणी तज्ज्ञाने याच सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणले. वर उजेडासाठी व हवेसाठी ओळीने शंभरावर कुंड्या खोदल्या. हाच तो कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. त्या कारागिरांनी जमिनीतले पाणी काढण्याची युक्ती शोधली. त्यांच्या काळी ते परत भरण्याची गरज नव्हती. आज भूजल खाली गेल्यावर या भंडाऱ्याचे पाणीही धोक्यात येते, आणि यादीत नाव लागल्याने ते भरून निघणार नाही.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये श्री. मोहन यादव आणि श्री. देवेंद्र फडणवीस या दोन मुख्यमंत्र्यांनी या योजनेच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या आंतरराज्य नियंत्रण मंडळाची बैठक तब्बल २५ वर्षांनी भरली होती. योजनेत ३१.१३ अब्ज घनफूट पाणी वापरले जाईल. त्यातील ११.७६ मध्य प्रदेशाला आणि १९.३६ महाराष्ट्राला. मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टर आणि महाराष्ट्रात २,३४,७०६ हेक्टर क्षेत्राला लाभ होईल, असे सरकारी आकडे सांगतात. ज्यांनी हा विषय वर्षानुवर्षे रेटला ते जावळे सह्यांच्या वेळी हयात नव्हते. नेपा कारखान्याचेही तसेच. २०१६ साली तेथील उत्पादन थांबले. चौहान यांनी त्याच्या पुनरुज्जीवनासाठी दिल्लीत केलेले प्रयत्न बऱ्हाणपूरकरांना आठवतात, पण यंत्रे पुन्हा सुरू झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने.

दोन राज्ये एका नदीवर सही करतात, हे पाहून म्हादईच्या काठी राहणाऱ्या आम्हांला हेवा वाटल्यास कोणी आश्चर्य मानू नये. आमच्या वाट्याला २०१० साली लवाद आला, २०१८ साली त्याचा निवाडा आला आणि तरीही न्यायालयाची पायरी सुटलेली नाही. तापीच्या बाबतीत दोन्हीकडे एकच पक्ष सत्तेवर होता, हे खरे. पण केवळ तेवढ्याने करार होत असते तर ते पूर्वीच झाले असते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी एकच पीक घेतात, एकाच बाजारभावावर जगतात आणि बऱ्हाणपूर व रावेर यांच्यात सोयरिकीही होतात, हे कारण आम्हांला अधिक पटते.

आमची एक हरकत येथेच नोंदवतो. या योजनेच्या समर्थनार्थ 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा शब्दप्रयोग सर्रास होतो. खाडीकाठच्या माणसाला तो खुपतो. नदीचे गोडे पाणी मुखाशी पोचले नाही की खारे पाणी किती आत चढते आणि खाजन शेतीचे काय होते, हे आम्ही जाणतो. दुसरी गोष्ट अशी की बंधारा जेथे व्हायचा, तो खंडव्यातील खालवा आणि अमरावतीतील धारणी हा कोरकू आदिवासींचा मुलूख आहे. पाणी खाली केळीला जाणार आणि बंधारा वर कोरकूंच्या दारात उभा राहणार. कोणाचेही पुनर्वसन करावे लागणार नाही, असे सरकार सांगते. ते ग्रामसभांसमोर जाऊन सांगावे आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे.

जंगलाची बाब याहून अवघड. २०२२ आणि २०२३ मध्ये नेपानगरच्या परिसरात मोठी वृक्षतोड झाली. वनचौकीतील शस्त्रे लुटली गेली, पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. या तोडीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या आदिवासी संघटनेच्या एका कार्यकर्त्यालाच जिल्ह्याबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. तो जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सरकारला ५०,००० रुपयांचा दंडही केला. डोंगर उघडा पडला तर पाण्याबरोबर गाळ येतो आणि गाळाने बझाड्याची तोंडे बुजतात. तेव्हा पुनर्भरणाविषयी बोलणाऱ्याला जंगलाविषयी गप्प बसता येत नाही. पण कालवा मागितल्याने मते मिळतात आणि जंगलाविषयी बोलल्याने ती जातात, ही आमच्या लोकप्रतिनिधींची पक्की समजूत आहे. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. २५४ गावांतील १,०१,९०५ घरांत नळ पोचला, हे काम लहान नाही. त्या नळांमागचे पाणी त्याच डोंगरातून यायचे आहे.

आणि शेवटी केळीचा विमा. रावेरच्या शेतकऱ्याला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. ठरलेल्या अंशाखाली पारा सलग काही दिवस राहिला किंवा वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला की भरपाई देय होते, बांधावर येऊन कोणी घड मोजायचे नसतात. सीमेपलीकडे, काही मैलांवर, तीच थंडी आणि तेच वादळ सोसणारा बऱ्हाणपूरचा शेतकरी गेली कित्येक वर्षे हाच विमा मागत आला आहे. त्याच्या वाट्याला येते ती महसूल खात्याच्या पंचनाम्यावरची मदत. याचे कारण दिल्लीत नाही. योजना केंद्राची असली तरी कोणते पीक कोणत्या जिल्ह्यात घ्यायचे, याची अधिसूचना राज्य सरकार काढते. शेतकरी विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त पाच टक्के हप्ता भरतो आणि उरलेला भार केंद्र व राज्य वाटून घेतात. म्हणजे लोकसभेत कितीही निवेदने केली तरी किल्ली भोपाळमध्ये आहे.

चौहान यांच्या जागी २०२१ च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आलेले श्री. ज्ञानेश्वर पाटील बऱ्हाणपूर जिल्ह्याचेच आहेत. त्यांचाच पक्ष भोपाळमध्ये सत्तेवर आहे. सीमेच्या अलीकडे, रावेरच्या आमदारकीवर २०२४ पासून जावळे यांचे चिरंजीव श्री. अमोल जावळे आहेत. रावेरला कोणत्या तापमानाला किती भरपाई मिळते, याचा तक्ता त्यांच्याकडून मागवून श्री. पाटील यांनी तो आपल्या मुख्यमंत्र्यांसमोर ठेवावा. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते आणि थंडी नोव्हेंबरात सुरू होते. अधिसूचना निघायची असेल तर ती या दोहोंच्या मध्ये निघाली पाहिजे.