यष्ट्यांमागचा गडी

सुट्टीच्या दिवशी पहाटे ठाणे, डोंबिवली वा कल्याण स्थानकाच्या फलाटावर गेल्यास, खांद्यावर आपल्या उंचीएवढी थैली घेतलेली मुले मुंबईच्या मैदानांकडे निघालेली दृष्टीस पडतात. सायंकाळी ती परतली म्हणजे घरातील वडीलधारी माणसे एकच प्रश्न करितात, “किती धावा काढल्यास?” ज्याने दिवसभर यष्ट्यांमागे उठबस केली, त्याने यास काय उत्तर द्यावे? अशा मुलाच्या पालकांपुढे नरेन ताम्हाणे यांची कारकीर्द ठेवावी, असे आम्हांस वाटते.

ताम्हाणे यांचा जन्म १९३१ साली मुंबईस झाला. १९५५ सालच्या पहिल्याच दिवशी डाक्का येथे पाकिस्तानविरुद्ध सुरू झालेला सामना हा त्यांचा पहिला कसोटी सामना होय. त्या मालिकेतील पाचही सामने अनिर्णित राहिले. तथापि ताम्हाणे यांनी एकोणीस फलंदाज टिपले. सुभाष गुप्ते यांनी याच मालिकेत २१ बळी घेतले. गुप्त्यांचा चेंडू टप्पा पडल्यावर कोणीकडे वळेल, हे भल्याभल्या फलंदाजांस उमगत नसे. यष्टिरक्षकास मात्र ते गोलंदाजाच्या मनगटावरूनच ताडावे लागते. कारण ऐन वेळी चेंडू फलंदाजाच्या अंगाआड जातो, आणि यष्टिचीत करण्यास अवधी मिळतो तो पापणी लवण्याइतकाच. हे काम ताम्हाणे कसलाही डामडौल न करिता करीत.

फलंदाजीचे दान मात्र त्यांच्या पदरात फारसे पडले नाही. २१ कसोटी सामन्यांत त्यांच्या धावा अवघ्या २२५, आणि अर्धशतक एकच. बळी मात्र ५१. त्यांपैकी १६ यष्टिचीत! तरीही संघातील जागा कायमची अशी कधी झाली नाही. नाना जोशी होतेच. पुढे तडाखेबंद फलंदाजी करणारे बुधी कुंदरन आले, आणि १९६०-६१ च्या मोसमात ताम्हाण्यांची कसोटी कारकीर्द संपली. धावा संघास हव्यातच, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु धावपुस्तकाचा न्याय पाहा: हातून निसटलेल्या चेंडूंच्या धावा त्यात ‘बाय’ म्हणून मांडल्या जातात; अचूक झेललेल्या शेकडो चेंडूंस तेथे रकानाच नाही.

दूर आयर्लंडातही हेच दिसते. तेथील हर्लिंग या खेळात लाकडी काठीने टोलविलेला लहानसा कठीण चेंडू गोलरक्षकास अडवावा लागतो. किल्केनीच्या नोएल स्केहन यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदाची नऊ पदके मिळविली; त्यांपैकी पहिली तीन राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसून, कारण गोल राखीत होते त्यांचेच नातलग ऑली वॉल्श!

निवृत्तीनंतर ताम्हाणे राष्ट्रीय निवड समितीवर आले. १९८९ साली सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरास पाकिस्तानच्या दौऱ्यावर धाडणाऱ्या समितीत ते होते. आयुष्यभर इतरांचा खेळ सर्वांत जवळून पाहणाऱ्या माणसास पारख असावी, यात नवल ते काय? २००२ साली ते निवर्तले. आपल्या घरी असा एखादा यष्टिरक्षक असेल, तर त्याच्या धावा मोजण्यापूर्वी एखादा दिवस मैदानाच्या कडेला बसून त्याचे हात पाहावेत, एवढीच आमची सूचना आहे.