‘कतारमध्ये टॅक्स नाही’ म्हणजे नक्की काय?

वेस्ट बेमधल्या काचेच्या टॉवरमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस गावी गेला की एक वाक्य हमखास बोलतो: “आमच्याकडे टॅक्सच नाही.” पगारापुरतं ते खरं आहे. पण तोच माणूस संध्याकाळी लॅपटॉप उघडून कुणाला वेबसाइट करून देतो आणि बिल पाठवतो, तेव्हा त्या कामापुरता तो नोकरदार नसतो, व्यावसायिक असतो.

कतारच्या २०१८ च्या आयकर कायद्यानुसार तिथल्या व्यवसायाच्या नफ्यावर साधारण १० टक्के कर आहे. आखाती देशांच्या नागरिकांना सूट मिळते, आपल्याला नाही. हिशेबाचं वर्ष सहसा जानेवारी ते डिसेंबर, आणि ते संपल्यावर ४ महिन्यांत ‘धरीबा’ पोर्टलवर विवरणपत्र. (धरीबा म्हणजे अरबीत करच!) अर्थात त्याआधी परवानगी हवी. तुमचा व्हिसा एका कंपनीच्या नावावर असेल, तर बाहेरचं काम परस्पर घेता येत नाही. टॅक्सची चर्चा त्यानंतरची.

आता भारत. इथे वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पहिला प्रश्न पैशांचा नाही, दिवसांचा. परदेशी राहणारा भारतीय नागरिक सुट्टीला येऊन वर्षात १८२ दिवस राहिला, की तो करापुरता निवासी होऊ शकतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

याहून अवघड नियम २०२० च्या अर्थसंकल्पात आला. भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त, आणि दुसऱ्या कुठल्याही देशात निवासी म्हणून कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाला एकही दिवस भारतात न राहता ‘निवासी’ मानता येतं. आखातात तेव्हा केवढी घबराट झाली! दुसऱ्याच दिवशी अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की तिथल्या खऱ्याखुऱ्या कामगारांच्या पगारावर डोळा नाही. नियमातही तशी सोय आहे: अशा माणसाचं परदेशी उत्पन्न करातून सुटतं. अपवाद एकच, भारतातून चालवलेला धंदा किंवा भारतात थाटलेला व्यवसाय. नोकरदाराला याचं काही वाटू नये. पण पुण्यात असताना फ्रीलान्सिंग सुरू केलं, क्लायंट तेच, खातं तेच, फक्त आपण दोह्याला आलो, अशा माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. त्याचा व्यवसाय नेमका कुठे ‘थाटलेला’ आहे?

आणखी एक गैरसमज. पुण्यातला मित्र सांगतो, “अर्धी रक्कम नफा दाखव, हिशेब ठेवायची भानगड नाही.” ती सवलत, म्हणजे कलम ४४एडीए, डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशा ठरावीक पेशांतल्या निवासी लोकांसाठी आहे. अनिवासी माणसाला भारतात करपात्र व्यावसायिक उत्पन्न असेल, तर जमाखर्च खरा दाखवावा लागतो, आणि फॉर्मही आयटीआर-२ नाही, आयटीआर-३.

दिवसांचा पुरावा मात्र आपणच जपायचा. हमद विमानतळावर ई-गेटमधून गेलात तर पासपोर्टवर शिक्का बसत नाही, तेव्हा बोर्डिंग पासचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकत जा.