बुडालेलं कर्ज

आमच्या भुसावळच्या शाखेतले हेड कॅशियर जेवणाच्या सुट्टीत अली सरदार जाफरींच्या कविता ऐकवायचे. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला गेले. जाफरींच्या कवितांची ‘सरहद’ ही ध्वनिफीत त्यांनी नवाझ शरीफांना भेट दिली. त्या दिवशी कॅशियरसाहेबांनी शाखेत पेढे वाटले.

मे महिन्यात कारगिल पेटलं. शाखेतल्या नजरा त्यांच्याकडे वळल्या, माझीही. ‘‘आता काय म्हणतात तुमचे जाफरी?’’ मी कुचकटपणे विचारलं. ‘तुमचे’ म्हणालो, ते जिभेवरून निसटलंच.

डबा झाकत ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, एक कर्ज बुडालं म्हणून आपण बँक बंद करतो का?’’

१ ऑगस्ट २००० रोजी जाफरी मुंबईत वारले. माझ्या खात्यावर तो ‘तुमचे’ अजून थकीत आहे.