डांगरी आधी उलटी करा

पहाटे साडेचार

पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमभोवती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. १९६८ पासून भरतोय. अडीच हजारांच्या आसपास विक्रेते, आणि त्यांच्यातून मला हवे असतात ते जुने कामाचे कपडे विकणारे. साधं तिकीट सकाळी नऊपासूनचं असतं. पाचला आत शिरायचं तर जास्त पैसे मोजावे लागतात. मी ते मोजते, कारण नऊ वाजेपर्यंत गॅरेजवाल्यांच्या चांगल्या डांगऱ्या उरतच नाहीत.

मी सिनेमा आणि मालिकांच्या वेशभूषा विभागांना जुने कामाचे कपडे शोधून देते. काही विकते, काही माझ्या संग्रहात राहतात. आजची मागणी अशी: कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावातलं गॅरेज, साल १९५७, तीन मेकॅनिक आणि पेट्रोल भरणारा एक पोऱ्या. म्हणजे १९६० चा कपडा चालणार नाही. भाचा सुट्टीवर माझ्याकडे आलाय, तोही सोबत निघाला. पिशवीत दोन बॅटऱ्या, भिंग, टेप, बोथट सुई आणि सुट्टे डॉलर.

पाच

अंधारात गाड्यांची दारं उघडतात, गाठोडी सुटतात आणि माल नीट मांडून होण्याआधीच बॅटऱ्यांचे झोत त्यावर पडतात. टोकियो-ओसाकाचे व्यापारी हजर असतात. ऐंशीच्या दशकापासून ते अमेरिकन कामाचे कपडे शोधत आलेत. कपडा हातात घेतला की आधी उलटा करायचा, ही सवय मला त्यांना बघून लागली. नवखा माणूस पाठीवरची अक्षरं वाचतो. ते मात्र शिवण, चेनचा सरक, कॉलरच्या आतलं लेबल बघतात आणि पाठ शेवटी.

पहिल्या तासात हाताखालून बरंच गेलं. एका पांढऱ्या डांगरीच्या छातीवर एन्कोचा बिल्ला. हे नाव हंबल ऑइलने १९६० मध्ये आणलं, आणि १९७२ मध्ये एन्को आणि एसो दोन्हींच्या जागी एक्सॉन आलं. म्हणजे आमच्या कामाला बाद. मोबिलगॅसचा पंखवाला लाल घोडा असलेला शर्ट चांगला होता, पण कापडात पॉलिएस्टर जाणवत होतं. बोटांना ते कळतं: सूत धुऊन धुऊन मऊ पडतं आणि त्याचे धागे विरतात, मिश्र कापड मात्र गुळगुळीत राहून नुसतं लव धरतं. शंका असेल तर घरी शिवणीच्या आतून एक तंतू काढून पेटवायचा. सुताची राख हलकी आणि वास जळक्या कागदाचा. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सहा

एका वयस्क बाईंच्या टेबलाखाली, पडद्यांच्या गठ्ठ्यात, गडद हिरवी डांगरी सापडली. हेरिंगबोन ट्विल. पाठीवर पिवळ्या धाग्यात मोठ्या अक्षरांत ‘डिसोटो-प्लिमथ’, खाली डीलरचं आणि गावाचं नाव. छातीच्या खिशावर चार अक्षरी पहिलं नाव.

भाच्याने बॅटरी धरली. “मावशी, डिसोटो म्हणजे जुनीच ना? मग बघायचं काय एवढं?”

“गाडी जुनी आहे. डांगरी जुनी आहे का ते बघायचंय.”

क्रायस्लरने डिसोटो १९२८ मध्ये काढली आणि १९६० च्या नोव्हेंबरात बंद केली. त्यानंतर कुणी डिसोटोच्या नावाने कामगारांचे कपडे शिवून घेईल हे शक्य नाही. म्हणूनच आजच्या नकली माल करणाऱ्यांना अशी बंद पडलेली नावं आवडतात: डिसोटो, पॅकार्ड, हडसन, स्टुडबेकर. पन्नाशीतली कोरी पाठ मिळवायची, तिच्यावर नवं भरतकाम करायचं आणि दहापट भाव घ्यायचा. कापड खरं, चेन खरी, लेबल खरं. खोटी असतात ती फक्त अक्षरं. नेमक्या त्याच अक्षरांचे पैसे मोजले जातात.

मी उलटी केली. जुनी अक्षरं साखळी टाक्याची असतात. कॉर्नेलीच्या किंवा सिंगरच्या यंत्रावर बसलेला कारागीर टेबलाखालची मूठ फिरवत टाका वळवत जायचा. त्यामुळे वरून साखळीच्या कड्या दिसतात आणि उलट बाजूला धाग्याची नुसती सरळ रेघ. हात वळताना थोडा थांबतो, तिथे टाके दाट होतात. एकाच शब्दात दोन ‘ओ’ असले तर ते कधीही तंतोतंत सारखे नसतात. संगणकावरच्या भरतकामाला मागून पांढरा धागा आणि न विणलेल्या कापडाचा तुकडा लागतो. अर्थात साखळी टाका आजही घालता येतो, त्यामुळे नुसत्या टाक्यावर विसंबून चालत नाही.

खरी परीक्षा कापडाची. बोथट सुईने एका अक्षराचा धागा जरा उचलून धरला. भोवतालचं हिरवं विटून राखाडी झालं होतं. धाग्याखालचं मात्र अजून गर्द होतं. म्हणजे अक्षरं आधी आली, ऊन आणि धुणी नंतर. उलट असतं, विटलेल्या कापडावर ताजा धागा असता आणि त्याखालचंही कापड विटलेलं, तर मी टेबलावरून उठले असते. मागच्या टाक्यांत लव अडकून तिचा नमदा झाला होता. तोही एका दिवसात होत नाही.

काही जण अतिनील दिवा घेऊन फिरतात आणि चमकलं की नवं म्हणतात. माझा त्यावर भरवसा नाही. धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं पन्नाशीच्या दशकापासूनच घरोघर पोहोचली होती, त्यामुळे तिच्यात पुढे कधीही धुतलेली १९४० ची डांगरीसुद्धा त्या दिव्याखाली उजळते.

बाईंनी किंमत सांगितली, मी थोडी उतरवली, त्या हसल्या. डांगरी कुठून आली विचारलं. शेजारच्या घरातलं सामान विकलं गेलं, त्यात एका पेटीच्या तळाशी होती. एवढंच. मी ते तिथेच वहीत लिहून घेतलं, कारण कपडा कुणाच्या घरातून निघाला हे ज्या दिवशी लिहीत नाही, त्या दिवसानंतर ते कळत नाही.

नऊ

साध्या तिकिटाची गर्दी आत आली. आम्ही कॉफी घेऊन कठड्यावर बसलो. भाचा म्हणाला, “एवढ्या लाखो मेकॅनिकांच्या डांगऱ्या गेल्या कुठे?”

गेल्या हात पुसण्यात. कामाचा कपडा फाटला की गॅरेजातच त्याच्या चिंध्या व्हायच्या आणि त्या चिंध्यांनी ग्रीस पुसलं जायचं. आपल्याकडेही तेच; धड उरलेलं बोहारणीकडे, उरलं नाही ते पोतेऱ्याला. लग्नातला कोट जपून ठेवतात, पण ज्या कपड्यात माणसाने आयुष्याचे सर्वाधिक तास काढले तो कुणी ठेवत नाही. वाचतात ते एक तर दुकानात न विकलेले नवेकोरे, नाहीतर पेटीत विसरलेले. मला विसरलेले जास्त मोलाचे वाटतात. कोऱ्या मालाला भाव अधिक मिळतो हे मान्य, पण त्यातून फक्त कारखान्याची गोष्ट कळते.

उरलेल्या फेरीत पंपावरच्या पोऱ्याचा वेशही जमला: कमरेपर्यंतचं आयसेनहॉवर धाटणीचं जॅकेट आणि त्याच रंगाची पँट. युद्धानंतर हे लष्करी जॅकेट पेट्रोल पंपांनी उचललं, कारण ग्राहकासमोर उभा राहणारा माणूस टापटीप दिसायला हवा होता. टेक्सॅकोच्या १९४८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची सुरुवातच गणवेशातल्या पंपवाल्यांच्या गाण्याने व्हायची. आत खड्ड्यात उतरणाऱ्या मेकॅनिकला मात्र जॅकेटचा काही उपयोग नाही. त्याला लागते अंगभर एकसंध डांगरी, जिला कमरेशी पाना अडकायला फट नाही. ली कंपनीने ‘युनियन-ऑल’ नावाने असा एकसंध पोशाख १९१३ मध्ये बाजारात आणला, तो याचसाठी.

दोन

घरी. परसात ताडपत्री अंथरून काम सुरू. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅसबेस्टॉस असायचं, आणि ब्रेकची भुकटी वर्षानुवर्षं कपड्यांच्या शिवणीत बसायची. मेकॅनिक ती अंगावर घेऊन घरी यायचा आणि धुणारी बायको झटकायची. अशा कपड्यांमुळे घरच्या माणसांनाही आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. म्हणून डांगरी बाजारातून बंद पिशवीत आणायची, झटकायची नाही, ब्रश मारायचा नाही. तोंडाला गाळणीचा मुखवटा लावून आधी ओली करायची. शिवणीत दाट राखाडी भुकटी असेल तर मी तो कपडा घेत नाही, कितीही चांगला असो. संग्राहकांच्या गप्पांत या धोक्याचं नाव फार कमी निघतं. ते रोज निघायला हवं असं मला वाटतं.

भिजवण्याआधी पिवळ्या अक्षरांवर ओलं पांढरं कापड दाबून पाहिलं. रंग लागला नाही. जुन्या रेयॉनच्या लाल धाग्याने माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या डांगऱ्या गुलाबी झालेल्या आहेत. कोमट पाणी, भांडी घासायचा द्रव साबण थोडासा, ब्लीच अजिबात नाही. तेलाचे काळे डाग पूर्ण काढायचे नाहीत. ते काढायच्या नादात सूतच सुटून येतं, आणि डाग तर त्या माणसाच्या कामाचा भाग आहेत.

ओल्या कापडावर झीज नीट वाचता येते. दोन्ही खांद्यांच्या पाती मागून विरलेल्या होत्या: हा माणूस गाडीखाली पाठीवर सरकून काम करायचा. डावा गुडघा उजव्यापेक्षा पातळ. पोटाशी बारीक भोकांचा झुबका, कडा भुसभुशीत. बॅटरी पोटाशी धरून उचलताना सांडलेलं आम्ल. आम्ल सुताला लगेच भोक पाडत नाही, कमजोर करतं, आणि भोक पुढच्या धुण्यात पडतं. वेल्डिंगच्या ठिणगीचं भोक वेगळं असतं, त्याची कड तपकिरी, जळकी. ते इथे नव्हतं. डांगरीच्या पुढच्या उघडीवर पट्टी होती, तिच्याआड चेन लपलेली, कारण वाकून काम करताना उघड्या धातूने ग्राहकाच्या गाडीचा रंग खरवडतो. पाठीला खांद्याशी चुणी, हात वर ताणला की उघडणारी. मांडीवर मोजपट्टीचा अरुंद खिसा. ज्याने ही शिवली त्याला मेकॅनिकचं अंग माहीत होतं.

साडेचार

आता साल. कपड्याचं वय त्याच्या सर्वांत तरुण भागावरून ठरतं, हा एकच नियम. प्रत्येक पुरावा एका बाजूची भिंत घालतो, दुसऱ्या बाजूचं काही सांगत नाही.

लेबलवर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का. कापड आधीच आटवून घ्यायची ही पद्धत सॅनफर्ड क्लुएटने १९३० च्या सुमारास काढली, म्हणजे डांगरी त्याआधीची नाही. लेबलवर कापडाचं टक्केवारीत वर्णन नाही. ते अमेरिकेत १९६० पासून सक्तीचं झालं. धुण्याच्या सूचनांचं कायम लेबल १९७२ पासून, तेही नाही. केंद्रीय व्यापार आयोगाने १९५२ पासून उत्पादकांना दिलेला आरएन क्रमांक नाही. पण नसण्यावर फार भिस्त ठेवू नये. लेबल फाटतं, उत्पादक क्रमांक घेत नाही. आहे ते पक्कं, नाही ते फक्त सूचक.

चेन टॅलॉनची. मीडव्हिल, पेनसिल्व्हेनियाची ही कंपनी पन्नाशीत कामाच्या कपड्यांत सर्वत्र होती. पण चेन बदललेली असू शकते, म्हणून तिच्या कडेने भिंग फिरवलं. जुन्या टाक्यांची रिकामी भोकं दिसली असती तर चेनचा पुरावा गेला असता. भोकं नव्हती, धागा बाकीच्या शिवणीचाच.

मग डीलर. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या शहर-निर्देशिका संगणकावर आणून ठेवल्यात. जेवणाच्या टेबलावर भाचा आणि मी दोन पडद्यांवर शोधत बसलो. पन्नाशीच्या सुरुवातीच्या निर्देशिकेत डीलर मिळाला, त्याआधीच्या मिळाल्या त्या निर्देशिकांत नव्हता. सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्डच्या जुन्या कॅटलॉगांत शिवणीची धाटणी जुळवून पाहिली. पन्नाशीच्या मध्याशी बसते. मी नोंदीत ‘सुमारे १९५०–६०’ असं लिहिलं.

“१९५७ का नाही लिहीत? त्यांना तेच हवंय.”

“त्यांना हवंय म्हणून ते साल कपड्यात येत नाही रे.”

सात

वेशभूषाकार बाईंना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन. डांगरी खूप आवडली, फक्त खिशावरचं नाव पात्राचं नाही, तेवढं उसवून दुसरं भरून देता का? विनंती नेहमीचीच आहे, आणि त्यांच्या बाजूने बरोबरही आहे. पडद्यावर चुकीचं नाव कसं चालेल?

मी नाही म्हटलं. पाठीवरच्या अक्षरांत डीलर आहे, त्याचं नाव निर्देशिकेतही मिळतं. या माणसाचं नाव कुठल्याच निर्देशिकेत शोधता येणार नाही, कारण आडनाव नाही. खांद्याची झीज, पोटावरची आम्लाची भोकं आणि ही चार अक्षरं, एवढं एकत्र असेल तोवर तो कुणी तरी आहे. अक्षरं काढली की झीज कुणाची ते राहत नाही. बाजारात रोज हे होतं. बिल्ले कापून वेगळे विकतात, कारण चौकटीत लावायला ते सोपे पडतात, आणि उरलेली डांगरी नावाविना स्वस्तात जाते. मला याची चीड येते आणि मी ती लपवत नाही.

बाईंना दुसरी वाट सुचवली. माझ्याकडे त्याच धाटणीची एक कोरी, न वापरलेली डांगरी आहे. तिच्यावर पात्राचं नाव साखळी टाक्यात भरून देणारा कारागीर शहरात आहे. तो जुन्याच सिंगरवर हाताने काम करतो. विटवण्याचं काम त्यांच्या विभागाला उत्तम येतं. नट गाडीखाली सरकेल, घासेल, मळेल, कपडा फाटला तरी कुणाचं काही जाणार नाही. आणि कोऱ्या डांगरीच्या आत मी लहान पट्टी शिवून देणार आहे, तीवर अक्षरं कोणत्या वर्षी भरली ते, म्हणजे पुढे ती बाजारात आली तर कुणी फसणार नाही.

थोडा वेळ विचार करून त्या हो म्हणाल्या. हिरव्या डांगरीचे फोटो मात्र त्यांना मोठे हवेत: खांद्याची मागची झीज, पोटावरची भोकं, गुडघे. रंगकाम करणाऱ्यांना ती झीज नेमकी कुठे आणायची ते कळावं म्हणून. डांगरी सुकली की उद्या उजेडात काढून पाठवते असं सांगितलं.