बिलोली भागात दूरचित्रवाणीचे ग्रहण : जुनी अँटेना, नवी छत्री आणि पावसाळी दिवस

बिलोली तालुक्यातील गावांतून फिरताना अनेक माळवदांवर आणि पत्र्यांच्या छपरांवर ॲल्युमिनिअमच्या आडव्या कांड्यांच्या जुन्या अँटेना अद्यापि उभ्या दिसतात. काहींवर धुणे वाळत असते, काहींच्या तारा केव्हाच तुटून गेल्या आहेत. "एवीतेवी खांब उभाच आहे, तर त्यावर नवी डिजिटल अँटेना बसवून औरंगाबादचे प्रक्षेपण घेता येणार नाही काय?" असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. बाजारात अशा अँटेना मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर शेकडो किलोमीटरचे अंतर छापलेले असते. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी या प्रश्नाचा नीट विचार होणे अगत्याचे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने दूरचित्रवाणी ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हे. पावसाचा अंदाज, पुराचा इशारा आणि पिकावरील रोगांची माहिती तिच्यावरून मिळते, आणि ती वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग.

प्रथम जुन्या अँटेनाची हकीकत पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढल्या वर्षी सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण पुणे भागात दिसू लागले. १९८४ नंतर देशभर लहान शक्तीची सहक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्या केंद्रांच्या लहरी जमिनीवरील मनोऱ्यावरून निघत आणि छपरावरील अँटेना त्या ग्रहण करी. पुढे उपग्रहाचे प्रक्षेपण घरोघर पोहोचले तेव्हा या केंद्रांवर होणारा खर्च निरर्थक ठरू लागला. म्हणून प्रसार भारतीने, सामरिक महत्त्वाची सुमारे पन्नास केंद्रे वगळून, जुन्या पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरविले. तात्पर्य, छपरावरची ती अँटेना बिघडलेली नाही. ती ज्याची वाट पाहत आहे ते प्रक्षेपणच आता होत नाही. तिची दिशा फिरवून किंवा तार बदलून काही साधणार नाही.

मनोऱ्यावरून होणारे डिजिटल प्रक्षेपण मात्र वेगळे आहे. दूरदर्शनने २०१६ साली देशातील सोळा शहरांत ते सुरू केले आणि त्यात मराठवाड्यातील औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, समावेश होता. या पद्धतीत चित्र व ध्वनी यांचे आकड्यांत रूपांतर करून ते पाठविले जातात, आणि एकाच लहरीवर अनेक वाहिन्या मावतात. ज्यांच्या संचात योग्य ग्राहकयंत्र असे त्यांना साध्या अँटेनावर, छत्रीवाचून, हे कार्यक्रम दिसू शकत. शहरापुरती ही सोय चांगलीच होती. पण ती बिलोलीस उपयोगी पडेल काय, हे अंतराच्या हिशेबावरून ठरते.

दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर त्या भूमीच्या फुगवट्यावरून निघून जातात आणि खालच्या गावांना त्यांचा स्पर्शही होत नाही. हे अंतर काढण्याची रीत सोपी आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. सूक्ष्म हिशेबात गुणक ४ हून किंचित अधिक येतो, पण आपल्या कामास ४ पुरे. छत्रपती संभाजीनगरजवळील म्हैसमाळ हे त्या भागातील उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंच आहे आणि तेथे दूरदर्शनचा मनोरा आहे. आपण अगदी सढळ हाताने हिशेब करू. डोंगर व मनोरा मिळून १,२२५ मीटर उंची धरू आणि भोवतालचा सारा प्रदेश समुद्राच्या पातळीवर आहे असे मानू. १,२२५ चे वर्गमूळ ३५, म्हणून अंतर १४० किलोमीटर. आता बिलोलीतील घरावर ९ मीटर उंचीचा खांब उभारला, तर ९ चे वर्गमूळ ३, म्हणून आणखी १२ किलोमीटर. एकूण १५२ किलोमीटर झाले. म्हैसमाळ ते बिलोली हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. एवढी सवलत देऊनही लहर निम्म्या वाटेवरच राहते. प्रत्यक्षात मधला प्रदेश समुद्रसपाटीवर नाही, त्यामुळे पल्ला याहूनही कमी भरेल.

खांबाची उंची वाढविल्यास काय होईल, असे कोणी विचारील. ९ मीटरऐवजी ३६ मीटरचा खांब उभारला तरी बारा किलोमीटरच वाढतात. उंची चौपट करावी तेव्हा अंतर दुप्पट होते. आणि ३६ मीटरचा लोखंडी खांब वळवाच्या वादळात घरावर पडला तर त्याची भरपाई कोणतीही वाहिनी करणार नाही. अँटेनाबरोबर विकली जाणारी वर्धक पेटीही येथे व्यर्थ आहे. जी लहर आलीच नाही ती वाढविता येत नाही. रिकाम्या मोटेस दुसरी बैलजोडी जुंपल्याने विहिरीस पाणी लागत नाही, तशातलाच हा प्रकार.

येथे जुन्या व नव्या पद्धतीतील एक भेद ध्यानी घ्यावा. जुन्या प्रक्षेपणात लहर दुर्बळ झाली की चित्रावर ठिपके पडत, सावल्या दिसत, पण बोलणे कळत असे. डिजिटल प्रक्षेपणात अशी पायरीपायरीची घसरण नाही. लहर पुरेशी असेतोवर चित्र स्वच्छ, आणि एका मर्यादेखाली ती गेली की चित्र तुकड्यातुकड्यांनी गोठते व पडदा काळा होतो. "थोडे तरी दिसेल" ही जुन्या अनुभवावरची आशा येथे खरी ठरत नाही.

मग बिलोलीकरांनी काय करावे? दूरदर्शनची 'फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये निराळ्या नावाने सुरू झाली आणि तिला मासिक वर्गणी नाही. छत्री, पेटी आणि तार यांचा खर्च एकदाच करावा लागतो. तिच्यावर सह्याद्री वाहिनी मिळते, आणि २६ मे २०१५ पासून चालू झालेली डीडी किसान वाहिनीही मिळते. हे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आपल्यास स्थिर भासतो. त्यामुळे मधला फुगवटा, डोंगर किंवा जिल्ह्याची हद्द यांची अडचणच उरत नाही.

बिलोलीहून हा उपग्रह आग्नेय दिशेस, म्हणजे उत्तरेकडून उजवीकडे मोजल्यास सुमारे १३९ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ ते ६२ अंश उंच आहे. अनुभव नसलेला कारागीर येथे हटकून चुकतो, कारण छत्री आकाशाकडे इतकी तोंड करून बसविलेली दिसत नाही. घरगुती छत्रीचा घाटच असा असतो की लहर तिच्यावर तिरपी येते. म्हणून छत्रीचे तोंड पाहून कोन ठरवू नये, तिच्या मागील बाजूस असलेल्या खुणांच्या पट्टीवरून ठरवावा. समोर चिंच, लिंब किंवा नवी दुमजली इमारत आड येते की काय हे पाहण्याची एक फुकटची युक्ती आहे. दरवर्षी १२ मार्च व १ ऑक्टोबर यांच्या आसपास, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या सुमारास, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे, सावली असेल तर झाड आड येत आहे. याच दिवसांत चित्र काही मिनिटे आपोआप जाते. सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाच्या लहरीस झाकून टाकतात, एवढेच त्याचे कारण. अशा वेळी पेटी उघडू नये आणि कारागिरासही बोलावू नये.

छत्रीचा खांब शेतातील घराजवळ काळ्या जमिनीत पुरण्याची चाल आहे, ती घातक होय. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. या हालचालीने खांब दोन-तीन अंश कलला तरी पुरे. लहान छत्रीची नजर इतकी अरुंद असते की तेवढ्याने उपग्रह हातचा जातो. मार्चमध्ये बसविलेली छत्री ऑगस्टमध्ये का दिसेनाशी झाली, याचे उत्तर पुष्कळदा पेटीत नसून पायाखालच्या मातीत असते. पक्की भिंत, जोते अथवा सिमेंटचा ओटा यांवरच खांब बसवावा. ओळंब्याने तो सरळ आहे की नाही हे पाहावे आणि वानरांचा उपद्रव असल्यास तार नळीतून आणावी. विजा चमकू लागल्या की तार पेटीपासून सोडवून ठेवावी.

आता या सेवेची खरी उणीव सांगितली पाहिजे, कारण विक्रेता ती सांगत नाही. उपग्रहाच्या या लहरी अतिशय आखूड, दोन-तीन सेंटीमीटर लांबीच्या असतात. पावसाचे दाट थेंब त्यांना वाटेतच शोषून घेतात व विखरून टाकतात. रिमझिम पावसात काही बिघडत नाही, परंतु मुसळधार पाऊस कोसळू लागला की पडदा काळा होतो. म्हणजे मांजरा किंवा गोदावरी चढत असते, सोयाबीनच्या शेतात पाणी तुंबते आणि पुढील काही तासांत काय होईल हे कळणे जिवाच्या मोलाचे असते, नेमक्या त्याच वेळी ही छत्री मुकी होते. मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी लांब असल्यामुळे त्यांना पावसाची फारशी बाधा होत नाही. प्रादेशिक मनोरा गमावल्याचे नुकसान येथे जाणवते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने जो अनर्थ केला तो अद्याप विसरला गेलेला नाही. पाण्याचा लोंढा रात्रीच्या वेळी गावात शिरतो तेव्हा वीज गेलेली असते, आणि मोबाईलचा मनोराही थोड्या वेळाने थांबू शकतो.

या कारणास्तव प्रत्येक गावात, निदान ग्रामपंचायत व पोलीस पाटील यांच्या घरी, सेलवर चालणारा रेडिओ असावा असे आमचे आग्रहाचे मत आहे. आकाशवाणीचे नांदेड केंद्र एफ.एम. १०१.१ मेगाहर्ट्झवर आहे आणि नांदेड ते बिलोली हे सरळ अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. घरात आवाज खरखरीत येत असल्यास संच उंचावर, नांदेडच्या बाजूच्या म्हणजे वायव्येकडील खिडकीत ठेवावा आणि त्याची तार पूर्ण ताणावी. रेडिओची ही पद्धत जुनीच असल्याने लहर दुर्बळ झाली तरी खरखरीतूनही शब्द कळतात, आणि पावसाने ती बंद पडत नाही. पाऊस उघडा असताना 'मेघदूत' व विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ही मोबाईलवरील साधने उपयोगी आहेतच. पिकासंबंधी शंका असल्यास तालुक्यातील सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

ऐकलेल्या माहितीवर गावात चर्चा घडवून आणणे हेही कार्यकर्त्याचे काम आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. मंडळी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. तेव्हा बिलोली हैदराबाद राज्यात असल्यामुळे हा प्रयोग येथवर आला नाही. आज एका घरच्या छत्रीवर सायंकाळी शेतीचा कार्यक्रम लावून आठ-दहा शेजाऱ्यांना बोलाविणे अवघड नाही, आणि ज्याच्या घरी छत्री नाही त्याचीही त्यात सोय होते.

रेडिओचे सेल मृग नक्षत्राच्या आधी बदलावेत व एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावी. पावसाळा संपून रेडिओचा नित्य वापर थांबला की सेल काढून ठेवण्यास विसरू नये, कारण आतच राहिलेले सेल पाझरतात आणि संचाच्या पट्ट्या गंजून जातात.