परदेशातील स्वयंसेवा आणि आंतरसांस्कृतिक सामुदायिक कार्यक्रमाचे संयोजन : सेनेगलच्या संदर्भात यजमान-अतिथी संबंधांचा विचार

गोषवारा :
परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलेली व्यक्ती तेथील समाजात जे सामुदायिक कार्यक्रम घडवून आणते, त्यांच्या यशापयशाचे मोजमाप बहुधा उपस्थिती, निधी व प्रसिद्धी या निकषांवर केले जाते. अशा कार्यक्रमाचा खरा यजमान कोण, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती मानून पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशाच्या संदर्भात दिनांक, निमंत्रण, भोजन, भाषा व निधी या पाच घटकांचे विवेचन केले आहे. त्या अनुषंगाने महाराष्ट्रातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्वयंसेवा, आंतरसांस्कृतिक संवाद, सेनेगल, तेरांगा, लोकसहभाग, राष्ट्रीय सेवा योजना.

१. प्रस्तावना

स्वयंसेवक परक्या देशातील गावात राहू लागला, की काही महिन्यांतच त्याच्या मनात एखादा कार्यक्रम घेण्याची कल्पना येते. आरोग्य मेळावा, मुलींचे शिबिर, क्रीडास्पर्धा किंवा दोन्ही देशांच्या गाण्यांची व पदार्थांची सरमिसळ असलेला स्नेहमेळावा असे त्याचे स्वरूप असते. हेतू चांगला असतो, उत्साहही असतो. तरीही असे अनेक कार्यक्रम एका दिवसाचे कौतुक होऊन विरून जातात. काही तर परस्परांविषयी कटुता मागे ठेवून जातात. याचे कारण व्यवस्थापनातील त्रुटींमध्ये शोधले जाते. वस्तुतः ते बहुतांशी संबंधांच्या रचनेत दडलेले असते. जो पाहुणा म्हणून आला, तोच यजमानाच्या भूमिकेत शिरतो आणि ज्यांचे घर आहे ते प्रेक्षक होतात.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

संघटित आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचा आरंभ साधारणपणे १९२० मध्ये मानला जातो. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एन या गावी स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी वेगवेगळ्या देशांतील स्वयंसेवकांचे श्रमशिबिर भरविले. त्यात जर्मन स्वयंसेवकही होते. कालच्या शत्रूने येऊन घर बांधून द्यावे, ही कल्पना उदात्त होती. परंतु युद्धाच्या जखमा ताज्या असलेल्या परिसराला ती पेलवली नाही. काही महिन्यांतच शिबिर आवरते घ्यावे लागले. हेच सेरेसोल पुढे बिहारमध्ये आले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर मुझफ्फरपूर परिसरातील पुनर्वसनाच्या कामात राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदतकार्याशी जोडून घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमदान केले. येथे स्थानिक नेतृत्व अगोदरपासून उभे होते आणि परदेशी मंडळी त्यात सामील झाली, हा दोन्ही प्रसंगांतील फरक लक्षणीय आहे.

अमेरिकेत १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना झाली. प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविणे, यजमान देशांतील लोकांना अमेरिकी माणसांची ओळख करून देणे आणि अमेरिकी माणसांना इतर समाजांची ओळख करून देणे, अशी तिची तीन उद्दिष्टे ठरली. तिन्हींपैकी दोन उद्दिष्टे परस्परपरिचयाची आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. परंतु परिचय किती नाजूक असतो याचा अनुभव पहिल्याच वर्षी आला. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातील इबादान येथे एका स्वयंसेविकेने घरी पाठवण्यासाठी तेथील राहणीमानाचे वर्णन करणारे कार्ड लिहिले. ते वाटेत पडले, कोणाच्या तरी हाती लागले आणि त्याच्या प्रती वाटल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी निषेध केला व त्या स्वयंसेविकेला मायदेशी परतावे लागले. पाहुणा आपल्या घराविषयी पाठीमागे काय बोलतो, यावरून यजमान त्याची पारख करतो. ही रीत आपल्याकडेही अपरिचित नाही.

महाराष्ट्रानेही हे यजमानपद अनुभवले आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि मुंबईतील विक्रोळी येथे परिचारिका म्हणून त्यांनी काम केले. भारतातील पीस कोअरचे कार्य १९७६ मध्ये संपुष्टात आले.

३. सेनेगल : आतिथ्याची संकल्पना

सेनेगलमध्ये पीस कोअरचे स्वयंसेवक १९६३ पासून जात आले आहेत. १९६० मध्ये फ्रेंच सत्तेपासून स्वतंत्र झालेल्या या देशाची राजभाषा फ्रेंच असली, तरी व्यवहारात वोलोफ भाषा सर्वत्र चालते. पुलार, सेरेर आदी भाषाही मोठ्या प्रमाणावर बोलल्या जातात. लोकसंख्येपैकी बहुसंख्य मुस्लिम असून समाजजीवनावर सूफी पंथांचा खोल प्रभाव आहे. ग्रामीण भागातील मुख्य पिके बाजरी व भुईमूग ही होत.

या समाजाच्या आत्मप्रतिमेचा गाभा ‘तेरांगा’ या वोलोफ शब्दात आहे. आतिथ्य, आदर व उदारता या तिन्हींचा आशय त्यात सामावलेला आहे. येथे येणाऱ्या स्वयंसेवकाला यजमान कुटुंब आपले आडनाव व एक स्थानिक नाव देते. हा केवळ गमतीचा भाग नसतो. त्या समाजात आडनावांमध्ये थट्टेची नाती परंपरेने ठरलेली आहेत. उदाहरणार्थ, ज्योप आणि न्ज्याय आडनावाची माणसे भेटताच एकमेकांना खादाड ठरवतात आणि हसतात. नाव मिळताच स्वयंसेवकही या नात्यांच्या जाळ्यात ओवला जातो. तो अनोळखी बाजारातही कोणाचा तरी थट्टेचा भाऊबंद ठरतो. थोडक्यात, गाव त्याला आपलेसे करून घेते. त्याने गावाला आपलेसे करण्यापूर्वीच.

४. संयोजनाचे पाच घटक

४.१ दिनांक : कार्यक्रमाचा दिवस ठरवणे हा वरकरणी सोपा वाटणारा निर्णय सर्वांत अवघड असतो. पावसाळा साधारणतः जून ते ऑक्टोबर. त्या काळात शेतकरी कुटुंब शेतात असते. त्याच सुट्ट्यांत तरुणांच्या ‘नवेतान’ या फुटबॉल स्पर्धा रंगतात. कुस्त्यांचे दिवस सुगीनंतर येतात. रमजान, तबास्की म्हणजे बकरी ईद, तसेच शेख अमादू बांबा यांच्या १८९५ मधील हद्दपारीच्या स्मरणार्थ तूबा येथे भरणारा ‘मगाल’ हे सर्व चांद्र कालगणनेनुसार असल्यामुळे इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. मगालच्या दिवशी अनेक गावे अक्षरशः रिकामी होतात. त्यात आठवडी बाजाराचा दिवस आणि शुक्रवारची दुपारची नमाज यांची भर पडते.

हिवतापाविषयीच्या मेळाव्याचे उदाहरण घेता येईल. रोगाचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर लगेच असतो. म्हणून मच्छरदाणीची माहिती पावसापूर्वी पोहोचली पाहिजे. २५ एप्रिल हा जागतिक हिवताप दिन या दृष्टीने सोयीचा ठरतो. परंतु एप्रिलमध्ये अंतर्भागात दुपारचे ऊन असह्य असते. तेव्हा मेळावा सकाळी किंवा सायंकाळच्या नमाजेनंतर घ्यावा लागतो. सकाळी मात्र पाणी, धान्य कांडणे व स्वयंपाक यांत स्त्रिया गुंतलेल्या असतात, आणि मच्छरदाणी कोठे टांगायची हे घरात बहुधा त्याच ठरवतात. पीस कोअरच्या प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या लोकसहभागी पद्धतीत गावाचा नकाशा, ऋतुदिनदर्शिका, दिनचर्येचा तक्ता आणि गरजांचा अग्रक्रम ही साधने असतात. ती स्त्रियांच्या व पुरुषांच्या गटांकडून स्वतंत्रपणे करून घेतली जातात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, की मोकळी वेळ कोणती व कोणाची, हे गावालाच दिसते. दिनांक स्वयंसेवकाने जाहीर करावयाचा नसतो. तो या चर्चेतून निघावा लागतो.

४.२ निमंत्रण : छापील पत्रिका येथे फारशी उपयोगी पडत नाही. प्रथम गावप्रमुख, मग इमाम, मग महिला गटाच्या प्रमुख व तरुण मंडळ असा क्रम पाळावा लागतो. ज्येष्ठांकडे जाताना कोलाच्या बिया नेण्याची प्रथा आहे. भेट झाली, की कामाचे बोलणे लगेच निघत नाही. कुटुंबातील एकेकाची विचारपूस होते, ‘अत्ताया’ नावाचा चहा तीनदा केला जातो आणि त्यात तास-दीड तास जातो. वोलोफमध्ये ‘कसे आहात?’ या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘माङ्गी फी’ असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘मी इथे आहे’ असा होतो. घाईत असलेल्या स्वयंसेवकाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याच वेळात गाव त्याच्या प्रस्तावावर विचार करीत असते. नकारही येथे सहसा उघड दिला जात नाही. तो हसून, विषय बदलून दिला जातो. तो ओळखण्यासाठीही बसावे लागते.

४.३ भोजन : सेनेगलमध्ये मोठ्या परातीभोवती बसून सर्वजण एकत्र जेवतात. प्रत्येकाने उजव्या हाताने आपल्यासमोरच्या भागातून घ्यावयाचे असते. मासळीचे व भाज्यांचे चांगले तुकडे घरची स्त्री पाहुण्याच्या बाजूला सरकवते. तांदूळ व मासळीचा ‘चेबू जेन’ हा पदार्थ २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. ज्या समाजात पंगतीत प्रत्येकाचे पान वेगळे असते आणि ‘उष्टे’ ही कल्पना बालपणापासून मुरलेली असते, तेथून आलेल्या माणसाला ही परात आरंभी अवघड जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक कार्यक्रमाद्वारे भारतीय नागरिकही परदेशी सेवेसाठी जातात. त्यांच्यापैकी शाकाहारी व्यक्तीपुढे तर दुहेरी प्रश्न उभा राहतो. त्याने स्वतंत्र ताट मागितल्यास ते मिळते. पण अंतर पडते. परातीशी बसून आपल्या बाजूचा भात व भाजी घेणे, आणि मासे न खाण्याचे कारण अगोदरच यजमानीण बाईंना सांगून ठेवणे, हा मार्ग अधिक सुसंवादी ठरतो. स्वयंसेवकाने आपल्या देशाचा एखादा पदार्थ करावयाचा असल्यास तोही गावातील स्त्रियांबरोबर, त्यांच्या चुलीवर करावा. त्यांच्या हाताला जे जमले, तेच पुढे टिकते.

४.४ भाषा व मंच : फ्रेंचमधील भाषण अधिकाऱ्यांना समजते; गावातील अनेकांपर्यंत, विशेषतः वयस्क स्त्रियांपर्यंत, ते पोहोचत नाही. वोलोफ वा पुलारमधील मोडकेतोडके चार शब्दही टाळ्या घेतात. परंतु टाळ्या म्हणजे आकलन नव्हे. मुख्य विषय गावातील आरोग्यसेविकेने किंवा शिक्षकाने मांडावा, घोषणा व स्तुतिगायन परंपरागत ‘गेवेल’ म्हणजे भाटांनी करावे आणि स्वयंसेवकाने चटईवर बसावे, हा क्रम संयोजनाच्या दृष्टीने अधिक हितकर आहे. ज्याच्या तोंडून माहिती आली त्याला उद्या प्रश्न विचारता येतात. जो परत जाणार आहे, त्याला कोण विचारणार?

४.५ निधी : येथेच बहुतेक कार्यक्रमांचा तोल जातो. बाहेरून पैसा आला, की कार्यक्रम देणाऱ्याचा होतो. पीस कोअरच्या भागीदारी योजनेत प्रकल्पखर्चापैकी किमान २५ टक्के वाटा स्थानिक समाजाने रोख, वस्तू वा श्रम या रूपाने उचलावा असा दंडक आहे. सेनेगलच्या गावांत तर पैसा एकत्र करण्याची स्वतःची व्यवस्था असते. ‘तोंतीन’ ही आपल्याकडील भिशीसारखीच पद्धत असून स्त्रिया ती वर्षानुवर्षे चोख चालवतात. हिशेबाची वही अशा गटाच्या हाती दिल्यास आणि कार्यक्रमानंतर जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवल्यास संशयाला जागा उरत नाही.

५. टीका व मर्यादा

या साऱ्या प्रक्रियेवर एक मूलगामी आक्षेप आहे. इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे केलेल्या भाषणात, पाहण्यासाठी व शिकण्यासाठी जरूर या, पण मदत करण्यासाठी येऊ नका, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. सदिच्छा ही सत्तेवर पांघरूण घालते, हा त्यांचा मुद्दा आजही झोंबणारा आहे. स्वयंसेवकाला परतीचे तिकीट असते, गावाला नसते. कितीही नम्रपणे चटईवर बसले, तरी ही विषमता पुसली जात नाही. शिवाय ‘यजमानाचे ऐकावे’ हे सूत्रही निरपवाद नाही. गावप्रमुखाचे मत म्हणजे गावाचे मत नव्हे. त्यात स्त्रिया, तरुण व परंपरेने खालचे मानलेले गट यांचा आवाज हरवू शकतो.

तरीही सहभागाचा मार्ग निष्फळ आहे असे म्हणता येत नाही. रुमानियात १९९५ मध्ये पीस कोअरच्या स्वयंसेविकांनी स्थानिक शिक्षिकांसमवेत मुलींच्या नेतृत्वविकासाचे ‘कॅम्प ग्लो’ हे शिबिर प्रथम भरविले. पुढे ते अनेक देशांत पोहोचले. स्थानिक शिक्षिका पहिल्या दिवसापासून बरोबरीच्या संयोजक असल्या, की स्वयंसेवक बदलले तरी शिबिर चालू ठेवणारे हात गावातच असतात.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

हा विचार केवळ परदेशगमन करणाऱ्यांपुरता नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. शहरातील विद्यार्थी आणि आदिवासी पाड्यावरील वा दुष्काळी गावातील ग्रामस्थ यांच्यातील अंतर काही वेळा दोन देशांतील अंतराहून कमी नसते. शिबिराच्या तारखा विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून ठरतात, कापणीवरून नव्हे. उद्घाटनाच्या व्यासपीठावर महाविद्यालयाची मंडळी बसतात, सरपंच सत्कारापुरते येतात आणि सायंकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमात गाव प्रेक्षक असते. वर सांगितलेले पाचही घटक येथे जसेच्या तसे लागू पडतात.

या योजनेच्या परिभाषेत आपण ‘दत्तक गाव’ असा शब्दप्रयोग करतो. दत्तक घेणारा मोठा आणि दत्तक जाणारा लहान, असा भाव त्यात नकळत येतो. सेनेगलमधील गाव मात्र आलेल्या पाहुण्याला आपले नाव देऊन स्वतःच दत्तक घेते.

७. समारोप

आंतरसांस्कृतिक कार्यक्रमाचे संयोजन म्हणजे दोन संस्कृतींचे प्रदर्शन नव्हे. यजमानाचा यजमानपणा अबाधित ठेवून त्यात आपला वाटा उचलण्याची ती रीत आहे. पीस कोअरचा स्वयंसेवक प्रशिक्षणासह साधारणतः २७ महिने राहतो; सेवा योजनेचा विद्यार्थी सात दिवस. दोघांच्याही कार्याची कसोटी मात्र एकच आहे : ते निघून गेल्यावर पुढच्या वर्षी तो कार्यक्रम गावाने स्वतःहून, स्वतःच्या सोयीच्या दिवशी, कदाचित निराळ्याच स्वरूपात घेतला काय? उत्तर होकारार्थी असेल, तर निमंत्रणपत्रिकेवर स्वयंसेवकाचे किंवा महाविद्यालयाचे नाव नसले तरी काही बिघडत नाही. पुढील शिबिराचे नियोजन करताना कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तारखा कळवण्यापूर्वी गावात जाऊन एक दिवस नुसते बसावे, एवढी सुरुवात त्यासाठी पुरेशी आहे.