केलाँगचा हिवाळा : बर्फाच्या ठेवीवर उभी असलेली शेती

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्यालय असलेले केलाँग हे छोटेसे नगर भागा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,100 मीटर उंचीवर वसले आहे. येथून काही किलोमीटर खाली तांदी येथे भागा आणि चंद्रा या नद्यांचा संगम होतो आणि हाच प्रवाह पुढे चिनाब म्हणून ओळखला जातो. चंद्रभागा हे नाव मराठी वाचकास पंढरपूरमुळे परिचित आहे. हिमालयातील ही चंद्रभागा मात्र बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या पाण्यावर वाहते. पीर पंजाल रांगेच्या पलीकडे असल्याने नैऋत्य मोसमी पावसाचा अल्प अंशच लाहौलमध्ये पोहोचतो. येथील शेतीचे पाणी मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फातून मिळते. त्यामुळे शेते मोकळी असतात त्या काळातच पुढील हंगामाचे भवितव्य ठरत असते.

हिवाळ्याची बेगमी

लाहौलमध्ये वर्षातून एकच पीक घेता येते. एप्रिल-मेमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरपर्यंत काढणी आटोपली की थंडीची तयारी सुरू होते. जनावरांसाठी वाळलेले गवत, चुलीसाठी लाकूडफाटा, घरासाठी जव व कुट्टूचे पीठ आणि वाळवलेल्या भाज्या यांचा साठा केला जातो. शेताच्या कडेने आणि पाण्याच्या पाटालगत लावलेली विलोची झाडे सरपण आणि चारा अशा दोन्ही गरजा भागवतात.

पारंपरिक घरे जाड भिंतींची व माळवदी असतात. तळमजल्यावर जनावरे आणि वर माणसे अशी रचना असल्याने उष्णता घरातच राहते. तापमान उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरते तेव्हा कुटुंबाचा दिवस तंदूर नावाच्या लोखंडी शेगडीभोवती जातो. स्त्रिया लोकरीचे मोजे व हातमोजे विणतात. या विणकामास आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. जानेवारी-फेब्रुवारीतील हालडा आणि फागली हे सण या दीर्घ एकांतात गावाला एकत्र आणतात.

हिमवृष्टी थांबताच लाकडी फावड्यांनी छतावरील बर्फ खाली लोटणे हे पहिले काम असते. ताज्या, भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला साधारण 100 किलोग्रॅम भरते. दबलेल्या व ओलावलेल्या बर्फाचे त्याच्या कितीतरी पट असते. बर्फ तसाच राहिला तर माळवद गळते किंवा खचते. उतारांवरील हिमस्खलनाचा धोका याहून मोठा आहे. मार्च 1979 मधील हिमस्खलनांत या जिल्ह्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती.

बर्फ : पाण्याचा साठा आणि पांघरूण

साधारणपणे 10 सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला की 10 मिलिमीटर पावसाइतके पाणी मिळते. म्हणजे एक हेक्टर क्षेत्रावरील तेवढ्या थरात सुमारे एक लाख लिटर पाणी साठलेले असते. पावसाचे पाणी लगेच वाहून जाते. उंचावरील बर्फ मात्र उन्हाळाभर हप्त्याहप्त्याने पाणी सोडतो. हे पाणी ‘कूल’ नावाच्या पाटांनी डोंगरकडांवरून शेतांपर्यंत आणले जाते. कूलची दुरुस्ती गावकरी मिळून करतात आणि पाणीपाळी परंपरेने ठरलेली असते.

बर्फाच्या थरात अडकलेली हवा उष्णतारोधकाचे काम करते. त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असतानाही थराखालील मातीचे तापमान शून्याच्या आसपास टिकते, ओल राहते आणि बहुवर्षायू पिकांची मुळे वाचतात. कुठ ही येथील अशीच एक वनस्पती. मराठी वैद्यकात कोष्ठ म्हणून ओळखले जाणारे तिचे मूळ एकेकाळी लाहौलचे महत्त्वाचे नगदी उत्पन्न होते.

वसंतात मात्र हेच पांघरूण लवकर उतरावे लागते. त्यासाठी शेतकरी शेतातील बर्फावर माती पसरतात. पांढरा पृष्ठभाग सूर्यकिरण परावर्तित करतो, तर गडद माती उष्णता शोषून घेते. त्यामुळे बर्फ लवकर वितळतो. वाढीचा काळ इतका आखूड असताना वाचलेला प्रत्येक दिवस मोलाचा ठरतो.

थंडीने दिलेले बियाणे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलाँगमध्ये आलेल्या मोरेव्हियन मिशनऱ्यांनी येथे बटाटा आणला, असे मानले जाते. विषाणूजन्य रोग पसरवणाऱ्या मावा किडीचा प्रादुर्भाव या थंड, कोरड्या हवेत कमी राहतो. त्यामुळे लाहौलच्या बेणे बटाट्याला मैदानी प्रदेशांत मागणी निर्माण झाली. 1966 मध्ये स्थापन झालेल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने त्याची विक्री संघटित केली. पुढे वाटाणा आणि फुलकोबी यांनी मोठे क्षेत्र व्यापले. मैदानांत उन्हामुळे ही पिके घेता येत नाहीत त्या महिन्यांत लाहौलचा माल बाजारात येतो, आणि यातच त्याचा भाव दडलेला आहे.

बोगद्यानंतरचे केलाँग

पूर्वी 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की दरी कित्येक महिने जगापासून तुटत असे. आजारी व्यक्तीला बाहेर नेण्यासाठी हेलिकॉप्टरच्या फेरीची वाट पाहावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-केलाँग अंतर 46 किलोमीटरने घटले. रुग्णालय, बाजार आणि शाळा यांचा मार्ग सुकर झाला. भाजीपाला वेळेत मंडईत पोहोचू लागला. त्याबरोबर हिवाळी पर्यटकांची वर्दळ वाढली आणि कचरा व पाणीपुरवठा यांचा ताणही आला. तथापि जोरदार हिमवृष्टीत बोगद्यापर्यंतचे रस्ते आजही बंद होतात. घरातील बेगमीची सवय म्हणूनच कालबाह्य ठरलेली नाही.

उशिरा येणारा बर्फ

जानेवारी 2024 हा महिना हिमाचलमध्ये जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ महिनाअखेरीस आला. कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ दबून घट्ट होतो व टिकतो. हंगाम सरताना पडलेला बर्फ लवकर वितळून जातो. परिणामी पेरणीनंतर, पिकाला गरज असते त्याच वेळी कूल आटण्याची भीती असते. कमी पाण्यात अधिक क्षेत्र भिजवणारे तुषार सिंचन, साठवण टाक्या, कूलची गळती रोखणे आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार पिकांची निवड हे त्यावरील व्यवहार्य उपाय होत. शेजारच्या लडाखमध्ये चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गोठवून कृत्रिम हिमनद्यांच्या रूपाने साठवण्याचा मार्ग दाखवला आहे.

केलाँगच्या शेतकऱ्याला बर्फाचा जाच नवा नाही. छतावरचा बर्फ उपसताना थकणारा हाच माणूस बर्फ न पडल्यास अधिक चिंतातुर होतो. शीत वाळवंटातील शेतीचे नियोजन करताना पडलेल्या बर्फाची मोजणी, त्याच्या वितळण्याचा अंदाज आणि पाणीपाळीची गावपातळीवरील आखणी ही तिन्ही कामे हिवाळ्यातच हाती घ्यावी लागतील.